वजा पाच मायक्रॉन

इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म भरायला मी आणि आप्पा तालुक्याच्या गावी नेट कॅफेत गेलो होतो. कॅफेवाल्या दादांनी न विचारताच पहिल्या सात-आठ रकान्यांत कॉम्प्युटर आणि आयटीचे कोड टाकून दिले. "मुलीसाठी हेच बरं पडतं," म्हणाले. मी म्हटलं, "दादा, वर मेकॅनिकल टाका." त्यांनी माझ्याकडं न बघता आप्पांकडं बघितलं. आप्पा साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये टर्नर. ते एवढंच म्हणाले, "ती म्हणती तसं टाका. शिकायचं तिला हाय."

मेकॅनिकल इंजिनिअर नक्की काय करतो, हे तेव्हा मला सांगता आलं नसतं. मी कारखान्याची पोर होते, एवढंच. मार्च-एप्रिलमध्ये गाळप संपलं की बाहेरच्यांना वाटतं कारखाना झोपला. खरं काम तेव्हा सुरू होतं. मिल खोलायची, रोलर बाहेर काढायचे, झिजलेली दाती पुन्हा कापायची, बेअरिंग बघायची, बॉयलरच्या नळ्या एकेक तपासायच्या. दिवाळीच्या आसपास अग्निप्रदीपन होऊन गव्हाणीत पहिली मोळी पडेपर्यंत हे सगळं उरकायचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत आप्पांचा डबा घेऊन मी वर्कशॉपमध्ये जायची आणि डबा संपला तरी तिथंच थांबायची.

एक दुपार अजून डोळ्यांसमोर आहे. एका शाफ्टवर, म्हणजे फिरणाऱ्या दांड्यावर, त्याला दुसऱ्या दांड्याशी जोडणारं कपलिंग चढवायचं होतं. कपलिंगचं भोक शाफ्टपेक्षा मुद्दाम किंचित लहान ठेवलेलं. चारी बाजूंनी गॅसच्या ज्वाळेनं ते तापवत होते आणि आप्पा हातात मापाची सळी घेऊन मधूनमधून ती भोकात घालून बघत होते. सळी अडत होती, तोवर सगळे गप्प. एकदा ती सहज फिरली आणि आप्पा ओरडले, "चला!" चौघांनी उचललं, ढकललं, जागेवर बसलं. मोजून काही सेकंदांचं काम. मग आप्पा मला म्हणाले, "आता घण घातला तरी हलायचं न्हाई." ना वेल्डिंग, ना बोल्ट, नुसती उष्णता. तिसरी-चौथीत असेन मी. त्या दुपारची मला पुढं पुण्यात फार गरज पडणार होती, आणि नेमक्या वेळी ती मला आठवली नाही. त्याबद्दल पुढे सांगते.

सांगलीच्या वालचंदला नंबर लागला नाही. जिल्ह्यातल्याच दुसऱ्या कॉलेजात मेकॅनिकल मिळालं. साठ जणांच्या वर्गात आम्ही चौघी मुली.

पहिल्या वर्षाच्या वर्कशॉपमध्ये फिटिंगचा जॉब असतो. लोखंडाच्या दोन पट्ट्या, एकीत व्हीच्या आकाराची खाच आणि दुसरीत त्या खाचेत बसणारं टोक. कानस घेऊन घासत बसायचं. बाहेरून बघणाऱ्याला हे बिनकामाचं वाटतं आणि बरीच मुलं बाहेरून जॉब करून आणतात. मी तो तीन आठवडे घासला. आमचे इन्स्ट्रक्टर सर आयटीआय करून वर आलेले. ते दोन्ही तुकडे एकमेकांत बसवून खिडकीसमोर धरायचे. फटीतून उजेड दिसला की काही न बोलता जॉब परत द्यायचे. गुण्या लावला की काटकोन बरोबर दिसायचा, पण उजेड यायचाच. कुठं जास्त आहे ते निळा रंग लावून शोधायचं आणि तेवढंच घासायचं. तिसऱ्या आठवड्यात सरांनी जॉब खिडकीसमोर धरला, थोडा वेळ तसाच धरून ठेवला आणि वहीवर सही केली. "सपाट" हा शब्द आपण किती सैल वापरतो, हे मला त्या तीन आठवड्यांत कळलं.

दुसऱ्या वर्षी थर्मोडायनॅमिक्स आलं. वर्गात अर्ध्या मुलांना घाम फुटला होता आणि मला वाटत होतं, अरे, हे तर आपल्या कारखान्याचं वर्णन आहे. रस काढून उरलेला बगॅस बॉयलरमध्ये जळतो. त्याची वाफ टर्बाइन फिरवते. टर्बाइनमधून बाहेर पडणारी कमी दाबाची वाफ वाया न घालवता पुढं रस आटवायला नेतात. एकाच वाफेकडून दोन कामं, आणि जळण उसाचंच. पुस्तकातली आकृती बघताना मला कुठली नळी कुठल्या भिंतीपलीकडं जाते ते दिसत होतं. स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्स, फ्लुइड मेकॅनिक्स, थिअरी ऑफ मशीन्स, मशीन डिझाइन हे सगळे विषय त्या एका आवारात कुठं ना कुठं भेटायचेच.

तिसऱ्या वर्षी किर्लोस्करवाडीला इंडस्ट्रिअल व्हिजिट होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये औंध संस्थानातल्या माळरानावर कारखाना उभा केला, ही गोष्ट आमच्या भागात शाळेतच ऐकायला मिळते. पण ते आधी मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये ड्रॉइंग शिकवायचे, मग बेळगावात सायकलचं दुकान चालवलं आणि नंतर लोखंडी नांगराकडं वळले, हा क्रम मी तिथं नीट समजून घेतला. कागदावर रेघ मारणारा माणूस शेतकऱ्याच्या नांगरापर्यंत पोचला. मला या व्यवसायाचं सगळ्यात मोठं आकर्षण तेच वाटत आलंय.

शेवटच्या वर्षी कॅम्पसला बहुतेक कंपन्या सॉफ्टवेअरच्या आल्या. वर्गातले वीस-बावीस जण तिकडं गेले. त्यांना मी नावं ठेवणार नाही. घरचं कर्ज, बहिणीचं लग्न, कारणं खरी असतात. मलाही एक ऑफर होती. मी ती सोडून पुण्याजवळच्या चाकणच्या एका कंपनीत ट्रेनी म्हणून गेले, महिना साडेपाच हजारांनी कमी पगारावर. आई आठ दिवस नीट बोलली नाही. तिला पगाराचं दुःख नव्हतं. पोरगी लोखंडात, तेही पाळीत काम करणार, हे तिच्या गळी उतरत नव्हतं. आमच्या मॅडमनी मला निरोपाच्या वेळी लीला पूनावालांचं नाव सांगितलं होतं. फाळणीत सिंधमधून आलेल्या घरातली मुलगी, 1967 मध्ये पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजातून मेकॅनिकल झाली आणि पुढं आल्फा लावल या कंपनीच्या भारतातल्या शाखेची प्रमुख झाली. आईला मी ते सांगितलं. आई म्हणाली, "तिची आई पण अशीच रडली असंल."

ट्रेनीचे पहिले सहा महिने डिपार्टमेंट फिरण्यात गेले. स्टोअर्स, टूलरूम, मेंटेनन्स, क्वालिटी, प्रॉडक्शन. फार काही सांगण्यासारखं नाही. पण "मेकॅनिकल इंजिनिअर काय करतो" याला एक उत्तर नसतं, हे तिथं कळलं. डिझाइनवाला पार्ट कसा असावा ते ठरवतो, सॉफ्टवेअरमध्ये त्यावर भार टाकून तो कुठं वाकेल ते बघतो. प्रोसेसवाला तो पार्ट कुठल्या मशीनवर, कुठल्या टूलनं, किती सेकंदांत निघेल ते ठरवतो. क्वालिटीवाला तो निघाला तसाच आहे ना ते तपासतो. मेंटेनन्सवाला रात्री दोनला स्पिंडलचा आवाज बदलला म्हणून झोपेतून उठतो. सगळ्यांकडं एकाच ड्रॉइंगची प्रत असते आणि प्रत्येकाला त्यात वेगळं संकट दिसतं.

मला प्रोसेसमध्ये घेतलं आणि ॲल्युमिनिअमच्या एका हाउसिंगची लाइन दिली. त्यात 6208 नंबरचं बेअरिंग बसायचं, म्हणजे ते बसायचं भोक, बोअर, 80 मिलिमीटरचा. टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, शून्य ते अधिक 30 मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे अर्ध्या केसाहून कमी मोकळीक. आप्पांचं आयुष्य सुतात गेलं. आठ सूत म्हणजे एक इंच, सूत म्हणजे तीन मिलिमीटरहून थोडं जास्त. फोनवर त्यांना मायक्रॉन समजावताना मी म्हटलं, तुमच्या एका सुताचे तीन हजार तुकडे केले की माझा एक मायक्रॉन. ते बराच वेळ गप्प होते.

एप्रिलच्या मध्यापासून त्या बोअरचं रिजेक्शन सुरू झालं. मशीनजवळ एअर गेजवर, म्हणजे हवेच्या झोतानं माप घेणाऱ्या गेजवर, पीस चांगला दिसायचा, आणि मापं तपासायच्या स्टँडर्ड रूममध्ये सीएमएम या मापाच्या यंत्रावर गेला की लहान निघायचा. तीन, चार, सहा मायक्रॉननं लहान. लहान बोअरमध्ये बेअरिंग आवळून बसतं, आतली मोकळीक जाते, गरम होतं, आवाज करतं. पीस लाल पेटीत जायला लागले.

मी मशीनचा ऑफसेट, म्हणजे टूल कुठवर कापेल तो आकडा, बदलल्याच्या नोंदी काढल्या. दुसऱ्या पाळीतला ऑपरेटर रोज चार-पाचच्या सुमाराला ऑफसेट कमी करत होता, म्हणजे बोअर मुद्दाम लहान करत होता. इतर दोन पाळ्यांत कुणी एवढा हात लावत नव्हतं. मला वाटलं, सापडलं कारण. रिपोर्टमध्ये लिहिलं: "ऑपरेटरची चूक, विनाकारण ऑफसेट बदल." खाली माझी सही. दोन दिवसांनी त्या ऑपरेटरला मेमो मिळाला.

त्यांना सगळे मामा म्हणायचे. चोवीस वर्षं मशीनवर होते. मेमो घेऊन ते माझ्याकडं आले. आवाज चढवला नाही. म्हणाले, "मॅडम, माझ्यासोबत चार वाजता मशीनवर या." मी गेले. दार उघडलं, पीस बाहेर आला, त्यांनी एअर गेज लावला. काटा अधिक 35 वर, म्हणजे मोठा. "आता मी काय करू? मोठा दिसतोय तर कमीच करणार ना?" मग त्यांनी माझा हात धरायला नको म्हणून स्वतःचाच हात उलटा करून पालथ्या बाजूनं पीसला लावला आणि मला म्हणाले, "आता तुम्ही लावा. असाच, पालथा."

पीस गरम होता. चटका बसण्याइतका नव्हे, तापलेल्या माणसाच्या कपाळासारखा.

मला कपलिंग आठवलं, तेव्हा. आप्पांच्या हातातली सळी, ज्वाळा, "चला!" तेच सगळं माझ्यासमोर घडत होतं, फक्त माप एवढं बारीक होतं की डोळ्याला दिसत नव्हतं. तापलं की भोक मोठं होतं. मामा मोठं झालेलं भोक मापून ते लहान करत होते, आणि रात्रभर स्टँडर्ड रूममध्ये निवून पीस सकाळी आणखी लहान व्हायचा. त्यांनी गेजवर दिसलं तेच प्रामाणिकपणे केलं होतं. चूक ऑपरेटरची नव्हती. मी लिहिलं होतं ती माझी चूक होती.

मग नीट मोजायला बसले. आधी मेंटेनन्सकडून इन्फ्रारेड गन आणली. तिनं पीसचं तापमान हवेइतकंच दाखवलं. हात सांगत होता गरम आहे, यंत्र सांगत होतं नाही. चकचकीत ॲल्युमिनिअमवर ही गन चुकते. तो पृष्ठभाग स्वतःची उष्णता फार कमी बाहेर टाकतो आणि आजूबाजूची परावर्तित करतो. टेकवून मापणारा थर्मामीटर मिळवला. मामांनी ऑफसेट बदलून काढलेला एक पीस मशीनमधून निघाल्या निघाल्या 42 अंशांवर होता आणि गेजवर अधिक 23 मायक्रॉन. टॉलरन्सच्या आत, म्हणजे पास. तोच पीस टेबलावर ठेवला. शॉपमध्ये 34 अंश होते. निवून 34 ला आला तेव्हा अधिक 8. संध्याकाळी स्टँडर्ड रूममध्ये 20 अंशांवर चार तास ठेवून मापला: वजा 5.

कागदावर हिशेब बसतो का ते पाहिलं. ॲल्युमिनिअमचा एक मीटर लांबीचा तुकडा एक अंशाला साधारण 23 मायक्रॉन वाढतो. 80 मिलिमीटरचा बोअर 1.8 च्या थोडा वर. एअर गेज ज्या रिंगवर शून्य करतात ती पोलादाची, ती साधारण निम्मीच वाढते. त्यामुळं पीस शॉपच्या तापमानाला आला तरी गोष्ट मिटत नव्हती, कारण 34 अंशांवर दोन धातू दोन वेगळ्या वेगानं फुगलेले होते. म्हणूनच जगभर ड्रॉइंगवरची मापं 20 अंश सेल्सिअसला धरतात. कॉलेजात मी हे मेट्रॉलॉजीच्या पेपरात दोन मार्कांसाठी लिहिलं होतं. पूर्ण दोन मार्क मिळालेही होते.

पुढचा प्रश्न होता की एप्रिलमध्येच का. तीन आठवड्यांचं रिजेक्शन तासागणिक मांडलं. दुपारी साडेतीन ते सात ढीग, तिसऱ्या पाळीत जवळपास काही नाही. रात्री शॉप थंड, कापताना पीसवर सोडतात ते कूलंट थंड, पीस तिशीच्या आसपास. चूक तेव्हाही होत होती, पण ती टॉलरन्समध्ये मावत होती. टाकी उघडून बघितली तर कूलंटची पातळी खुणेच्या बरीच खाली. थोडंच कूलंट पुन्हा पुन्हा फिरून तापत होतं. टॉप-अप कुणी करायचं हे पाळी बदलताना ठरलेलंच नव्हतं.

उपाय साधे निघाले. कूलंटची पातळी पाळीच्या सुरुवातीला बघायची आणि सही करायची. पीस धुतल्यावर रॅकवर 25 मिनिटं ठेवून मगच मापायचा. आणि पोलादी रिंगऐवजी आमच्याच लाइनचा एक हाउसिंग सीएमएमवर 20 अंशांना नीट मापून मास्टर म्हणून त्याच रॅकवर, पीसांच्या शेजारी ठेवायचा. तोही त्यांच्याबरोबर तापतो, त्यांच्याबरोबर निवतो, आणि फुगवट्याचा फरक आपोआप कटतो. शेवटची कल्पना मामांची. ते म्हणाले, "त्यांच्यातलाच एक त्यांच्यात ठेवा." मी रिपोर्टमध्ये तसं नावासकट लिहिलं.

त्याआधी एक काम केलं होतं. जुना रिपोर्ट मागे घेतला, कारण लिहून, सही करून. आमच्या मॅनेजर साहेबांना ते आवडलं नाही. रिपोर्ट कस्टमरकडं गेला होता. पण मेमो रद्द झाला. मामा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ते मला मॅडमऐवजी पोरी म्हणायला लागले.

आता या कामात मला आठवं वर्ष चालू आहे. दिवसाचा अर्धा वेळ कॉम्प्युटरसमोर जातो. पीस पकडणाऱ्या फिक्स्चरचं ड्रॉइंग, एका पीसला लागणाऱ्या वेळेची, सायकल टाइमची वजाबाकी, काय काय बिघडू शकतं याचा तक्ता, डिझाइनवाल्यांशी फोनवर भांडण की या कोपऱ्यात टूल पोचतच नाही. मुलं मला विचारतात, कॅड शिकलो की झालं ना? कॅड यायलाच हवं, पण ते शुद्धलेखन येण्यासारखं आहे. काय लिहायचं हे वेगळं शिकावं लागतं. दुसरा प्रश्न हमखास असतो तो इलेक्ट्रिक गाड्यांचा. इंजिन गेलं की मेकॅनिकल संपलं का? इंजिनाचे पार्ट बनवणाऱ्या लाइनींना झळ बसणार हे खरं आहे, ते मी लपवत नाही. पण सध्या मी ज्या पार्टवर काम करते तो मोटरचा हाउसिंग आहे. ॲल्युमिनिअमचाच, आत बेअरिंगचा बोअर, बाजूनं थंड पाणी फिरवायच्या वाटा. तापमान तिथंही आहेच.

त्रासही सांगायला हवा. सुरुवातीची तीन-चार वर्षं पगार सॉफ्टवेअरवाल्यांच्या मागं राहतो, आणि तो फरक दिवाळीला घरी गेलं की नातेवाईक मोजून दाखवतात. शॉपमध्ये उन्हाळ्यात जीव नकोसा होतो. एका कंपनीत आमच्या लाइनपासून बायकांचं टॉयलेट साडेचार मिनिटांच्या अंतरावर होतं. मी जाऊन-येऊन वेळ मोजून, सायकल टाइमच्या तक्त्यात मांडून मागणी केली तेव्हा ते जवळ आलं.

यंदा जूनमध्ये आमच्या गल्लीतली एक मुलगी ऑप्शन फॉर्म घेऊन आली. तिच्या घरात दोन मतं होती आणि तिचं स्वतःचं एकही नव्हतं. मी तिला कॉलेजांची यादी समजावली नाही. म्हटलं, ऑफ सीझन चालू आहे, उद्या सकाळी माझ्याबरोबर कारखान्यात चल. आप्पांचं नोकरीचं हे शेवटचं वर्ष. मोठ्या लेथवर रोलर चढवलेला होता. ती लांब उभी राहून बघत राहिली. मोबाइल एकदाही बाहेर काढला नाही. शेजारी दुसरा तयार रोलर पडला होता. त्याच्या दात्यांवर वेल्डिंगचे बारीक बारीक थेंब होते, सगळीकडं, ओळीनं. ती वाकली, बोट फिरवलं आणि आप्पांना म्हणाली, "काका, एवढं घासून गुळगुळीत करता आणि परत हे खडबडीत का केलंय? मुद्दाम?"

आप्पांनी लेथ बंद केला. हात पुसले. "मुद्दामच," ते म्हणाले. "गुळगुळीत राहिला तर ऊस धरणार कोण त्याला? घसरतो. हिकडं ये, दाखवतो."